टर्बो नंतर, आधी इंजिन

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी अ‍ॅन आर्बरहून घरी येताना गाडीच्या पोटातून ठकठक ऐकू आली. रेडिओ बंद केला. पाय उचलला की आवाज बसायचा, दाबला की परत उठायचा. मेकॅनिकलची पदवी घेऊन मला बावीस वर्षं झाली, त्यातली सोळा डेट्रॉइटच्या वाहन उद्योगात गेली, तरी पहिला विचार काय आला, तर एक्झॉस्टचा क्लॅम्प सैल झाला असेल. स्वतःच्या गाडीचं दुखणं ओळखताना माणसाची अक्कल अशीच पळून जाते.

रात्री नऊ वाजता सांगलीला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सोमवारची पहाट उलटून साडेसहा झालेले, अण्णा चहा घेत होते. सांगलीत त्यांचं पस्तीस वर्षं बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप होतं. पंपाच्या डिझेल इंजिनापासून ट्रकपर्यंत सगळं तिथे यायचं. मी बॉनेट उघडून फोन आत धरला.

"फोन खाली घे. अजून खाली. आता रेस दे. बंद कर." चहाचा घोट घेऊन म्हणाले, "बिगेंड गेलं." म्हणजे पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या दांड्याचं, कनेक्टिंग रॉडचं, खालचं बेअरिंग.

"नक्की?"

"नक्की म्हणजे? खालचं तेलाचं चेंबर खोल आणि बघ. कसं काय गेलं रे?"

"वय झालं अण्णा. बत्तीस वर्षांची गाडी."

त्या आठवड्यात जो विचारेल त्याला मी हेच उत्तर दिलं.

गाडी १९९२ ची माझदा मियाटा. लाल, दोन सिटांची, उघड्या टपाची, टनभरही वजन नसलेली. १९८९ च्या शिकागो ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली, तेव्हा मी सांगलीत सायकल शिकत होतो. सहा वर्षांपूर्वी ३,२०० डॉलरला घेतली. हिचं इंजिन १.६ लिटरचं, बी-६ नावाचं, ११६ हॉर्सपॉवरचं. चालवायला गंमत, पण हायवेला चढणीवर पाचव्या गिअरमध्ये मागचा ट्रक आरशात मोठा होत जातो. टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा, बसवायचं स्वप्न तसं जुनंच होतं. फक्त चांगलं चालणारं इंजिन कशाला छेडा, म्हणून तीन वर्षं गप्प होतो. आता इंजिनच गेलं म्हटल्यावर दुःख करावं की कपाटातली टर्बोच्या हिशोबांची वही काढावी, हे मला लगेच ठरवता आलं नाही. बायकोने माझा चेहरा बघून ठरवलं. म्हणाली, "तू खूश झालायस."

अण्णांचं मत सरळ होतं. ब्लॉक बिडाचा आहे ना? मग उघडा, क्रँक घासा, बोअर मारा, पहिल्या ओव्हरसाइझचे पिस्टन टाका, झालं नवीन. सांगलीत हे काम आठवड्यात होतं. इथे मशिन शॉपवाल्याने फोनवर आकडा सांगितला तो गाडीच्या किमतीएवढा होता, आणि तोही "आत काय निघतं त्यावर" या पुरवणीसह. शिवाय एवढं करून हातात १.६ लिटरच राहणार. मी अण्णांना म्हटलं की दुसरं इंजिन घालतो, त्याच कुळातलं १.८ लिटरचं, आणि मग त्यावर टर्बो.

"टर्बो डिझेलवर बसवतात," ते म्हणाले.

यावर आमचं तीन रविवार चाललं. त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. डिझेल इंजिनात पिस्टन नुसती हवा दाबतो, डिझेल शेवटच्या क्षणी फवारलं जातं, त्यामुळे आत कितीही हवा कोंबली तरी वेळेआधी पेटायला तिथे काही नसतं. पेट्रोल इंजिनात हवा आणि पेट्रोल दोन्ही मिसळून दाबली जातात. ठिणगी पडते, ज्वाळा प्लगपासून कडेकडे सरकत जाते. ती पोचायच्या आत लांबच्या कोपऱ्यातलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपणहून पेटलं की त्याचा हातोडा पिस्टनवर बसतो. तेच नॉकिंग. टर्बो लावलेल्या पेट्रोल इंजिनाचा घात बहुतेक वेळा यानेच होतो, नुसत्या जास्तीच्या ताकदीने नाही.

म्हणून वहीत मी पहिला स्तंभ कॉम्प्रेशन रेशोचा, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो त्याचा, आखला होता. समुद्रसपाटीला हवेचा दाब १४.७ पीएसआय असतो. टर्बोने त्यावर ८ पीएसआय चढवले तर इंजिनात साधारण दीडपट हवा जाते. मुळात जे इंजिन मिश्रण दहा पट दाबतं, त्यात ही दीडपट हवा घातली की नॉकिंग उंबऱ्यावर येऊन उभं राहतं. नऊ पट दाबणाऱ्यात थोडी सवलत मिळते. आमच्याकडे मिशिगनमध्ये पंपावर ९३ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं (ऑक्टेन जितका जास्त, तितकं नॉकिंग लांब), आणि ते भारतातल्या ९५ पेक्षा वरचं असतं, कारण इथे दोन पद्धतींनी मोजलेल्या आकड्यांची सरासरी लिहितात. कॅलिफोर्नियात राहणाऱ्या माझ्या मावसभावाला ९१ वर भागवावं लागतं. त्याने हाच उद्योग केला असता तर त्याचा हिशोब वेगळा आला असता. शिवाय तिथे टर्बोच्या किटला राज्याचा मंजुरी क्रमांक नसेल तर दर दोन वर्षांनी होणाऱ्या धुराच्या तपासणीत तो अडकला असता.

आता मियाटाच्या १.८ चं कुळ. माझदाने याला बीपी नाव दिलं. १९९४ ते १९९७ चं पहिलं: बोअर ८३, स्ट्रोक ८५ मिलिमीटर, कॉम्प्रेशन ९.०, ताकद १२८, शेवटच्या दोन वर्षांत १३३. १९९९ आणि २००० चं दुसरं: हेड सुधारलेलं, हवेच्या वाटा चांगल्या, कॉम्प्रेशन ९.५, ताकद १४०. आणि २००१ ते २००५ चं तिसरं, इनटेक कॅमची, म्हणजे हवेचे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, वेळ चालता चालता बदलणारं, कॉम्प्रेशन १०.०. या तिसऱ्याची एक मजेदार गोष्ट आहे. माझदाने आधी १५५ हॉर्सपॉवर जाहीर केले, मग मोजून कमी भरल्यावर १४२ असा आकडा दुरुस्त केला आणि नाराज ग्राहकांकडून गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली. तेरा घोड्यांसाठी! चौथं म्हणजे २००४-०५ ची कारखान्यातूनच टर्बो लावून आलेली माझदास्पीड, १७८ हॉर्सपॉवरची. तिचं इंजिन सुटं मिळणं कठीण, आणि मिळालं तर विकणाऱ्याला आपण काय विकतोय हे चांगलं ठाऊक असतं.

कागदावर मन तिसऱ्यावर जात होतं. कॅमची वेळ बदलता आली की टर्बो लवकर जागा होतो, खालच्या आरपीएमला जोर येतो. बरेच जाणकार तेच निवडतात. कॉम्प्रेशन जास्त असलं तरी ट्यूनिंग नीट असेल तर चालतं, असं ते सांगतात, आणि खोटं सांगत नाहीत. पण "ट्यूनिंग नीट असेल तर" यातला तो माणूस मीच होतो. मेगास्क्वर्ट नावाचा कंट्रोलर, म्हणजे इंधन आणि ठिणगी सांभाळणारा छोटा संगणक, मी स्वतः जोडणार, लॅपटॉप मांडीवर घेऊन ठिणगीची वेळ मीच ठरवणार. पहिल्या महिन्यात माझ्या हातून चुका होणार हे मला पक्कं माहीत होतं. इंजिनानेही त्या माफ कराव्यात अशी माझी अपेक्षा होती.

दुसरी मर्यादा कनेक्टिंग रॉडची. बीपीचे रॉड बारीक आहेत. लोकांचा अनुभव असा की चाकापाशी २३०-२५० हॉर्सपॉवरच्या पुढे ते वाकायला लागतात, आणि तेही वरच्या आरपीएमला कमी, खालच्या आरपीएमला अचानक टॉर्क आला की जास्त. हे चारही पिढ्यांना कमी-अधिक लागू. मी चाकापाशी १८० ते २०० वर थांबायचं ठरवलं. म्हणजे रॉड बदलायचे नाहीत, इंजिन उघडायचं नाही, फक्त निरोगी इंजिन शोधायचं. हे "फक्त" मी किती हलकं समजलो होतो!

मध्ये एक मोह येऊन गेला. १९९१ ते १९९६ च्या फोर्ड एस्कॉर्ट जीटीमध्ये हेच माझदाचं १.८ आडवं बसवलेलं असे, आणि त्या पिढीच्या एस्कॉर्ट बनायच्या इथून पंधरा मिनिटांवरच्या वेन गावात. जंकयार्डमध्ये असं इंजिन दोन-अडीचशे डॉलरला पडलेलं दिसलं. ब्लॉक तोच. चेंबर, पाण्याचे पाइप, मॅनिफोल्ड माझ्या इंजिनाचे लावले की जमतं, असं दोघा-तिघांनी केलेलं पाहिलं होतं. पण ते निघालं १९९१ चं. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा नियम असा की बदली इंजिन गाडीच्याच वर्षाचं किंवा त्यानंतरचं हवं. मिशिगनमध्ये आज धुराची तपासणी होत नाही, कुणी विचारणार नव्हतं. तरी सोडलं. खरं सांगायचं तर नियमापेक्षा त्या इंजिनाच्या ऑइल कॅपखाली दिसलेल्या काळ्या खरवडीने जास्त काम केलं.

अण्णांनी विचारलं, "आणि आरटीओचं काय? इंजिन नंबर आरसीवर असतो."

"इथे कागदावर फक्त चासीचा नंबर असतो. इंजिनाचा नसतोच."

"असतोच नाही?" हे त्यांना टर्बोपेक्षा अवघड गेलं. सांगलीत इंजिन बदललेल्या गाड्यांच्या मालकांना घेऊन ते किती वेळा आरटीओच्या खिडकीवर उभे राहिले होते, त्याचा हिशोब त्यांच्या चेहऱ्यावर दिसला.

पहिलं इंजिन बघायला गेलो ते शेजारच्या राज्यातल्या एका गोडाऊनमध्ये. जपानहून आयात केलेली वापरलेली इंजिनं. जपानमध्ये 'शाकेन' नावाची सक्तीची तपासणी दर दोन वर्षांनी असते, गाडी जुनी झाली की ती सांभाळणं महाग पडतं, म्हणून तिथली बरी इंजिनंही लवकर बाजारात येतात. इथवर कल्पना चांगली आहे. पॅलेटवर प्लॅस्टिक गुंडाळलेली इंजिनं ओळीने मांडलेली, धुऊन-पुसून चकचकीत, काहींना चंदेरी रंगही मारलेला. नाना पेठेतल्या जुन्या स्पेअरपार्टच्या दुकानात गेलं की 'एकदम ओरिजिनल' ऐकू येतं, तसं इथे 'फक्त चाळीस हजार मैल'. मी विचारलं, जपानमध्ये मीटर किलोमीटरमध्ये असतो ना? तो हसला. कागद नव्हताच.

सुटं इंजिन जमिनीवर असताना कॉम्प्रेशन मोजणं कठीण. स्टार्टर गिअरबॉक्सच्या घंटीला, म्हणजे इंजिनाला जोडणाऱ्या पुढच्या घंटेसारख्या भागाला बसतो, घंटी नसेल तर फिरवणार कसं? म्हणून मी लीकडाउनचा, म्हणजे सिलिंडरमधली गळती मोजायचा गेज आणि छोटा कॉम्प्रेसर घेऊन गेलो होतो. हे काम सोपं आणि खरं बोलणारं आहे. ज्या सिलिंडरची तपासणी करायची त्याचा पिस्टन वर आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतील असा. क्रँकच्या २१ च्या बोल्टला लांब पाना लावून एकाने धरून ठेवायचं, नाहीतर हवा सोडली की पिस्टन खाली पळतो आणि पाना नडगीवर बसतो. मग प्लगच्या भोकातून ठरावीक दाबाने हवा सोडायची आणि आत किती टिकते ते दुसऱ्या काट्यावर बघायचं. पाच-आठ टक्के गळती म्हणजे उत्तम. वीसच्या वर गेली की शोधायचं कुठून जाते. त्यासाठी नळीचं एक टोक कानाला लावायचं, दुसरं फिरवायचं: एक्झॉस्टमध्ये फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, इनटेकमध्ये आली तर तिकडचा, तेल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा. नळीची युक्ती अण्णांची. त्यांच्याकडे गेज नव्हता, पण नळी होती.

पहिला सिलिंडर ११ टक्के. दुसरा ९. तिसरा १४. चौथा ३१. तेलाच्या तोंडाला नळी धरली आणि सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह सुटल्यासारखा आवाज आला. विक्रेता म्हणाला, बरेच दिवस बंद आहे, चालवलं की रिंगा बसतील. मी त्याला हात जोडले नाहीत एवढंच.

चौथ्यातच का, हे मला गाडीत बसल्यावर सुचलं, आणि तिथून पुढे मी प्रत्येक इंजिनाचा चौथा सिलिंडर आधी बघायला लागलो. हे इंजिन मुळात माझदा ३२३ सारख्या पुढच्या चाकांच्या गाडीसाठी, आडवं बसायला जन्मलं. तेव्हा पाणी एका टोकाने आत जाऊन दुसऱ्या टोकाने बाहेर पडायचं. मियाटात ते उभं बसवलं, तर बाहेर पडायचं टोक नेमकं फायरवॉलला, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला भिडलं. जागा नाही म्हणून माझदाने थर्मोस्टॅट, पाण्याला बाहेर सोडणारी झडप, पुढे आणला. म्हणजे पाणी पुढूनच शिरतं, पुढूनच निघतं, आणि मागच्या चौथ्या सिलिंडरच्या वाट्याला उरलंसुरलं. साध्या वापरात याचा कुणाला त्रास होत नाही. टर्बो लावून तासभर ट्रॅकवर फिरवलं की सगळ्यात आधी तिथेच शिजतं. ज्या इंजिनाला आधीच्या मालकाने तापवलंय, त्याची खूणही तिथेच सापडते.

दुसरं इंजिन ग्रँड रॅपिड्सच्या एका पोराकडचं, २००२ च्या अपघातग्रस्त गाडीतलं, म्हणजे माझं आवडतं तिसऱ्या पिढीचं. १,४०० डॉलर. लीकडाउन सुंदर, सगळे ७ च्या आत. बोरस्कोपमध्ये, म्हणजे प्लगच्या भोकातून आत घालायच्या छोट्या कॅमेऱ्यात, सिलिंडरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या रेघा अजून दिसत होत्या. मी जवळजवळ पैसे काढले. पण गाडी आधीच तुकड्या-तुकड्यांनी विकून झाली होती. इंजिन चालू असल्याचा बारा सेकंदांचा व्हिडिओ होता, त्यातही मागे गाणं लागलेलं. तेल काढून टाकलेलं, फिल्टर फेकलेला. आणि माझ्या डोक्यात दुसराच खर्च वाढत होता तो डिफरन्शिअलचा, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या पेटीचा.

१९९० ते १९९३ च्या १.६ च्या गाड्यांमध्ये त्यातला क्राउन, म्हणजे मोठं दातेरी चाक, सहा इंची असतं. दोनशेच्या आसपास ताकद आली की तो दात पाडतो. १९९४ पासून सात इंची आला, तो दमदार. पण तो बसवायचा तर प्रोपेलर शाफ्ट आणि दोन्ही अ‍ॅक्सलही तिकडचेच लागतात. म्हणजे नुसतं इंजिन घेऊन भागत नाही. गाडीच घ्यायला हवी, गंजलेली, पण आतून बरी. अण्णा म्हणाले, "मग हे आधी का नाही सांगितलंस? इंजिन बघत फिरतोयस, आणि हवी आहे गाडी." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. वहीत डिफरन्शिअलचा स्तंभ शेवटून दुसरा होता.

नोव्हेंबरात टोलीडोला, तासाभराच्या अंतरावर, १९९५ ची पांढरी मियाटा सापडली. मालक निवृत्त टूल अँड डाय मेकर, ऐंशीच्या घरातला. दाराखालचा पत्रा गंजून इतका गेला होता की बोट घातलं तर चुरा हातात यायचा. डेट्रॉइट शहराच्या खाली हजार-अकराशे फुटांवर मिठाची मोठी खाण आहे. ते मीठ हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यांवर पडतं, आणि मोटारींच्या या प्रदेशातल्याच मोटारी खातं. या गाडीच्या पत्र्यावर उपाय करणं तिच्या किमतीहून महाग होतं, म्हणून ती विकायला होती. मीटरवर १,२४,००० मैल. ग्लोव्ह बॉक्समध्ये एक छोटी वही, प्रत्येक ऑइल चेंजची तारीख, मैल आणि तेलाचा प्रकार पेन्सिलने लिहिलेला. अक्षर ड्रॉइंगवरच्या मापांसारखं.

इथे मला इंजिन गरम करून कॉम्प्रेशन बघता आलं. लेक बारा वर्षांची आहे, तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंधनाचा फ्यूज काढला, चारही प्लग काढले, अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबायला सांगितला. हे लोक विसरतात. थ्रॉटल बंद राहिला तर हवाच आत येत नाही, काटा कमी दाखवतो आणि चांगलं इंजिन नापास होतं. तिने किल्ली फिरवायची, मी सहा-सात फेरे मोजायचे. १८०, १७८, १८१, १७६. चारात फरक पाचचा. मग लीकडाउन: ६, ७, ६, ८. चौथा थोडा मागे, पण कुळाचा स्वभाव म्हणून सोडून देण्याइतपत. थंड असताना टॅपेटची टिकटिक होती. १९९७ पर्यंतच्या इंजिनात हायड्रॉलिक लिफ्टर आहेत, ते तेल भरेपर्यंत वाजतात. दोन मिनिटांत गप्प झाले.

शेवटी मी म्हटलं, ऑइल फिल्टर कापून बघितला तर चालेल का? म्हातारबुवांचा चेहरा पहिल्यांदा खुलला. आत जाऊन स्वतः बनवलेला कटर घेऊन आले. फिल्टरचा डबा फिरवून कापला, आतला घड्यांचा कागद बाकावर उलगडला, उन्हात धरला, वरून चुंबक फिरवला. काही नाही. एक काळा कण होता, तो गॅस्केटचा निघाला. माझ्या जुन्या गाडीचं तेल मी ऑक्टोबरात काढलं तेव्हा बादलीत दिवाळीतला चांदीचा रंग तरंगत होता, ते आठवलं.

"काय करणार याचं?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या मियाटात घालणार. नंतर टर्बो."

ते जरा वेळ वहीकडे बघत राहिले. मग ती माझ्या हातात देत म्हणाले, "मग तेलाकडे लक्ष ठेव." १,८०० सांगितले होते, १,६०० वर दिली.

कॉम्प्रेशन ९.०, ताकद सगळ्यात कमी, नॉक सेन्सर नाही, हेड जुन्या पद्धतीचं. वहीतल्या गुणांच्या बेरजेत हे इंजिन तिसरं होतं. पण टायमिंग बेल्ट तुटला तरी यात व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, डिफरन्शिअल सोबत आलं होतं, आणि ते काय खाऊन-पिऊन जगलं हे मला पानागणिक माहीत होतं. बेरीज मी परत केली नाही.

डिसेंबर-जानेवारी गॅरेजमध्ये गेले. इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच, क्रेनने वर उचलून निघतात. हे अर्ध्या दिवसाचं काम, मीठ नसलेल्या देशात. इथे एक्झॉस्टचे नट गॅसच्या ज्वाळेने लाल करून काढावे लागले आणि दोन स्टड तरीही तुटले. इंजिन स्टँडवर आल्यावर ज्या गोष्टी गाडीत असताना नरक आहेत त्या सगळ्या उरकल्या. टायमिंग बेल्ट, वॉटर पंप, क्रँकचं मागचं सील. ऑइल पंपाचे गिअर कंपनीचे पावडर मेटलचे असतात, वरच्या आरपीएमला कधी कधी तडकतात, आणि पंप तडकला की त्यानंतरचं सगळं सेकंदांत घडतं. तिथे बिलेटचे, म्हणजे अखंड पोलादातून कोरलेले घातले. पाण्याची वाट मूळ होती तशी केली: थर्मोस्टॅट मागे, चौथ्या सिलिंडरपाशी, आणि तिथून लांब होज पुढे रेडिएटरला. फायरवॉलपाशी जेमतेम हात जातो, म्हणून हे इंजिन बाहेर असतानाच करावं. चेंबर उतरवून टर्बोचं तेल परत यायला भोक पाडलं आणि फिटिंग बसवलं. अण्णा रोज रात्री कॉलवर. चेंबर परत बसवताना म्हणाले, "सिलंट कमी लाव. बाहेर येतं तेवढंच आत जातं." बाहेर आलेलं मी बघितलं, सगळं परत काढलं, परत लावलं.

मार्चमध्ये चालू झालं. टर्बोशिवाय हजार मैल चालवायचं ठरवलं होतं. नव्या इंजिनाची ओळख होईपर्यंत त्याच्यावर काही लादायचं नाही. बाराशे झाले. दर शनिवारी तेल बघत होतो, पाव लिटरही कमी झालं नाही. मेमध्ये मध्यम आकाराचा गॅरेट कंपनीचा टर्बो आणि पुढे, त्याने तापवलेली हवा थंड करायला, इंटरकूलर बसला, आधी ५ पीएसआय, जूनमध्ये ८. डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चाकापाशी १८७ हॉर्सपॉवर आले. ट्यूनिंगमध्ये मी अपेक्षेप्रमाणे दोनदा चुकलो, एकदा तर ठिणगी चार अंश पुढे ठेवून सहा मैल गेलो. हेडफोन लावून ब्लॉकचा आवाज ऐकत होतो म्हणून कळलं. इंजिनाने मनावर घेतलं नाही.

जुलैत गॅरेजचा कोपरा मोकळा करायला जुनं १.६ उघडलं. तिसऱ्या रॉडच्या बेअरिंगचे दोन तुकडे एकावर एक चढले होते, तांबं उघडं पडलेलं. क्रँकचा फोटो काढून अण्णांना पाठवला. ते कॉलवर आले, चष्मा वर करून फोटो मोठा करत राहिले.

"जर्नल निळं पडलंय."

"हो."

"वयाने निळं पडत नाही. कोरडं चाललंय ते. तेल पीत होतं का?"

"थोडं."

"डिपस्टिक शेवटची कधी काढली होतीस?"

मी म्हटलं, अण्णा, आवाज तुटतोय. नेट चांगलं होतं.